ताईने सुचवलेलं घर

रविवार

पोचलो एकदाचे! पाठीवरच्या सॅकने खांदे भरून आले होते आणि नवरोबांच्या सूचनांनी डोकं उठलं होतं, पण घर बघितलं आणि सगळा शीण उतरला. बसथांब्यापासून वर जाणारी दगडी गल्ली, कोपऱ्यावर बेकरी, तिच्या पुढे हे दुमजली घर. अंगणात दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या. खाली लांबलचक टेबलाचं स्वयंपाकघर, त्याच्या मागे इस्त्रीची खोली, आणि लाकडी जिना चढून गेलं की आमची खोली. खिडकीतून तळं दिसतं. पलंग कुरकुरतो, पण तसा नवराही कुरकुरतो, त्यामुळे सवय आहे.

हे घर ताईने सुचवलं. ताई आणि भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, गेल्या वर्षी असेच सॅक टाकून या देशात भटकले होते. आम्ही निघणार म्हटल्यावर तिने फोनवर शिफारशींचा नुसता भडिमार केला. पाव कुठल्या बेकरीतून घ्या, तळ्याची वाट कुठून धरा, जुन्या पुलावर ऊन वर आल्यावरच जा. आणि हॉटेलच्या भानगडीत पडूच नका, याच घरी उतरा, मालकीणबाई घरच्यासारखं बघतात. हे शेवटचं तर तिने इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही पत्ता सांगू शकले असते.

पूर्वीची ताई असती तर मी तिचं ऐकलंच नसतं. आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. दोघींच्याही जिभेला हाड नाही आणि माघार घेणं दोघींच्याही रक्तात नाही. पण त्या प्रवासाहून ताई परतली ती वेगळीच होऊन. आवाज चढत नाही, उलट उत्तर नाही, भाऊजी काही बोलले की हसून मान डोलावते. आई म्हणते, परदेशची हवा मानवली पोरीला. मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांनी भांडणाशिवाय बोलणारी बहीण मिळाली होती.

आता झोपते. चादरींना साबणाचा छान वास आहे.

सोमवार

या घराची एक गमतीची रीत आहे. सकाळच्या चहानंतर पाहुण्या जोडप्यातल्या एकाने मालकीणबाईंपाशी स्वयंपाकघरात बसायचं आणि दुसऱ्याबद्दल बोलायचं. दुसऱ्याने त्या वेळी घरात थांबायचं नाही, कारण तोंडावर कोण खरं बोलतं! मालकीणबाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत हे सगळं समजावलं. मी हसून नवऱ्याला म्हटलं, बोल बाबा, माझ्याशी बोलत नाहीस तर निदान परक्या बाईशी तरी बोल. माझी पाळी कधी, असंही मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या आणि सफरचंद सोलत राहिल्या.

ताईनेही हेच सांगितलं होतं, की सकाळी तू तळ्यावर जा, त्याला घरी निवांत बसू दे. मी गेले. तळ्याभोवती पायवाट, काठावर उलट्या घातलेल्या होड्या, आणि बाकावर बसलेलं एक म्हातारं जोडपं. दोघं बोलत नव्हती, पण एकाच पिशवीतलं खात होती. मला ते फार आवडलं.

जेवताना मालकीणबाईंची पुतणी वाढायला होती. घरात ती, मालकीणबाई आणि मागे इस्त्री करणारी एक बाई, एवढीच माणसं. आता, माझं चष्म्याचं दुकान आहे. माणूस दारातून आत शिरला की आधी त्याला शोभणारी फ्रेम मला दिसते, माणूस मागून येतो. लांबट चेहरा, रुंद कपाळ, बसकं नाक, कुणीही असो, माझा हात आपोआप बरोबर कप्प्याकडे जातो. या पुतणीला मात्र कुठली फ्रेम द्यावी ते काही केल्या ठरेना. वाईट चेहरा नाही. चांगलाही नाही. जेवून वर आले आणि डोळ्यांपुढे आणायला गेले, तर आठवेचना.

नवरोबांना विचारलं. ते म्हणाले, तुला सुट्टीतही दुकान सुटत नाही.

मंगळवार

आज ताईच्या त्या जुन्या पुलावर गेले. ताईची निवड झकास आहे, हे कबूल करायला हवं. मध्यावर उभं राहून हाक मारली की ती फिरून आपल्याकडे येते. मला शिट्टी वाजवायचा मोह झाला. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला मला मामाने शिकवलं होतं. बाजारातली रिक्षा थांबेल अशी खणखणीत. आमच्या लग्नाच्या आधी नवऱ्याने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा लाजून इकडेतिकडे बघत होता.

बोटं घातली, फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच. जीभ कुठे दुमडायची तेच कळेना. पुलावरचा पावविक्या माझ्याकडे बघून हसला. वारं लागलं असेल म्हणून सोडून दिलं.

गल्ली चढून येत होते तर घरातून शिट्टी ऐकू आली. माझी शिट्टी. स्वयंपाकघरात पुतणी तोंडात बोटं घालून उभी होती आणि मालकीणबाई टाळ्या पिटत होत्या. नवरा म्हणाला, मी सहज तुझ्या शिट्टीबद्दल सांगितलं, तर हिला लगेच जमलं! कानामागून आली आणि तिखट झाली, मी म्हटलं. तो खूप हसला. मी पण हसले, पण माझं मलाच ते हसू उसनं वाटलं.

बुधवार

सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं. हनुवटीवरचा व्रण नाही.

सायकलवरून पडले होते तेव्हाचा. तीन टाके. बोट फिरवलं की खाचा लागायच्या. आता हनुवटी गुळगुळीत, बाळाच्या टाचेसारखी. नवऱ्याला दाखवलं तर तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला की बरंच झालं की, इथलं पाणी चांगलं आहे. पाण्याने जुने व्रण जातात का? मी चिडले. तो चिडला नाही. खरं तर आल्यापासून तो एकदाही चिडलेला नाही. मालकीणबाईंच्या टेबलावरून उठतो तेव्हा जड काम उरकल्यासारखा हलका दिसतो.

मी तळ्यावर जायचं म्हणून निघाले आणि अंगणातल्या चादरींच्या आडून परत फिरले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तो मराठीत बोलत होता. परक्या देशातल्या दोन बायकांशी, मराठीत, सावकाश, मुलाला शिकवावं तसं. सांगत होता की ती चष्मा हातात धरून लांबवरच्या रेघेवरून हलवते आणि काचेचा नंबर नुसत्या डोळ्याने ओळखते. कुठे चूक होत नाही, असं म्हणाला. कौतुकाने म्हणाला. घरी असताना माझ्या कामाबद्दल हा माणूस कधी चांगला शब्द बोललेला नाही, आणि इथे चादरीआड उभं राहून ऐकताना मला रडू आलं, आधी आनंदानेच आलं.

मग पुतणीने मान वर केली. तिच्या हनुवटीवर माझा व्रण होता.

संध्याकाळी नवऱ्याचा चष्मा हातात धरला आणि खिडकीच्या चौकटीवरून हलवला. चौकट हलली. पण कुठल्या बाजूला हलली म्हणजे काय, ते मला सांगता येईना. मी वीस वर्षं पोट भरते आहे त्यावर.

गुरुवार

तळ्यावर गेले नाही. ताईला फोन लावला.

सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, अगं, प्रवासात असं होतं. आज बेकरीच्या मागच्या वाटेने झाडीपर्यंत जाऊन ये, एकटीच जा, छान वाटेल. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तळं, पूल, बेकरी, ती झाडी. तिने सुचवलेली एकूण एक जागा मला या घराबाहेर काढणारी आहे. नवऱ्याला मात्र तिने एकच जागा सुचवली होती, स्वयंपाकघर.

मी विचारलं, ताई, लहानपणी पांघरुणात तू मला काय म्हणायचीस? हे आम्हा दोघींतच होतं. आईलासुद्धा माहीत नाही, नवऱ्यांना तर नाहीच. ती हसली. किती जुनं काढतेस, म्हणाली. मी म्हटलं, सांग तरी. पलीकडे काही नाही. श्वाससुद्धा नाही. मग पुन्हा तोच गोड आवाज, तीच वाट, तीच झाडी.

फोन ठेवला आणि जिन्यावर बसूनच रडायला लागले. मागच्या दाराने इस्त्रीच्या खोलीत शिरले, कारण तिथे नवरा येत नाही. ती इस्त्री करणारी बाई पाठमोरी उभी होती. आल्यापासून मी तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं. बघितलं तरी डोळा तिच्या चेहऱ्यावर ठरत नाही, सोमवारी पुतणीवर ठरत नव्हता तसा. तिने इस्त्री उभी करून ठेवली, ओल्या हाताने माझे डोळे पुसले, आणि म्हणाली, "रडू नकोस, टिटवे."

टिटवी. मी झोपेत बडबडायचे म्हणून ताईने ठेवलेलं नाव.

शुक्रवार

इस्त्रीच्या खोलीतल्या ताईकडून तुकड्यातुकड्याने कळलं ते लिहिते. तिला सलग बोलता येत नाही.

नवरा बायकोबद्दल जे जे सांगतो ते ते तिच्यातून निघतं आणि दुसरीत जातं. सवयी, आवाज, व्रण, शेवटी चेहरा. भाऊजींनी सांगितलं आणि एक बाई ताई होऊन त्यांच्याबरोबर घरी गेली. भांडण तेवढं नेलं नाही. भाऊजींनी ते सांगायचं टाळलं. इथे उरली ती एवढीच, भाऊजींना जे माहीत नव्हतं तेवढीच. ते फार नाही. माझं नाव, आमचं पांघरूण, शाळेत एकदा चोरलेला खडू, आईच्या पाठीवर पडून ऐकलेले तिच्या छातीचे ठोके. असलं काहीबाही.

मी म्हटलं, ताई, छोटी आता पाचवीत गेली. तुझ्यासारखीच फणकारते.

ताईने विचारलं, छोटी कोण?

भाऊजींना छोटीबद्दल सगळं माहीत होतं ना. पहिला दात, पहिली शाळा, ताप, सगळं. सगळं देऊन टाकलं त्यांनी. पोटच्या पोरीचं नाव ऐकून माझी बहीण माझ्याकडे अनोळखी पाहुणीकडे बघावं तशी बघत होती. मी तिच्या मांडीत डोकं घालून ओरडले. तिने माझ्या केसांतून हात फिरवला, तो मात्र तिला आठवत होता.

मग वर गेले आणि नवऱ्याला समोर बसवलं. त्याने नाकारलंही नाही. म्हणाला, आपण निघायच्या आधीच भाऊजींनी सगळं सांगितलं होतं. म्हणाला, तुला काही दुखत नाही ना? म्हणाला, भाऊजींचं घर बघ किती शांत झालंय, मला रोजची भांडणं झेपत नाहीत, दुकान तसंच चालेल, आई-बाबांना कळणारसुद्धा नाही. आपण दोघं सुखात राहू, असं म्हणाला. आपण दोघं! त्यात मी कुठे, हे त्याला विचारलं तर मान खाली घालून चष्मा पुसत बसला. तो चष्मा मी दिलेला आहे. त्याच्या नाकाला टोचू नये म्हणून पॅड घासून घासून बसवलेला.

केसाने गळा कापतात म्हणे. याने तर माझं कौतुक करून कापला.

शनिवार

पासपोर्ट घेऊन बसथांब्यामागच्या तिकीट कचेरीत गेले. तिकीटवालीने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. नम्रपणे पासपोर्ट परत सरकवला. मी म्हटलं, मीच आहे ती. तिने नाव विचारलं.

तोंड उघडलं, पण नाव आठवेना.

आजीने माझं नाव कसं ठेवलं, त्याची मोठी गोष्ट आहे. नवऱ्याला ती पाठ होती. काल सांगितली असणार. पासपोर्टवर लिहिलेलं वाचलं, अक्षरं लागली, पण कुणा दुसरीचं नाव वाचावं तसं. माझ्यामागे रांग खोळंबली होती. एकाने घसा खाकरला. मी बाजूला झाले.

आईला फोन केला. पलीकडून तिने, कोण बोलतंय, असं विचारलं. माझा आवाज तिला ओळखू आला नाही. राँग नंबर म्हणाली आणि ठेवला. माझी आई.

येताना काचेत बघितलं. कुठली फ्रेम द्यावी कळेना.

रविवार

पुतणी टेबलाशी माझ्या जागी बसली. माझा निळा कुर्ता. माझं हसू, नाकातून फुर्र करून येणारं, ज्याची मला लाज वाटायची. नवरा तिच्याकडे बघतो आणि तिच्याकडे बघूनच—

माझ्यापुढे कुणी ताट ठेवलं नाही. मालकीणबाईंनी इस्त्रीच्या खोलीकडे बोट दाखवलं.

दुपार

ताईने मला चादरींची घडी घालायला शिकवलं. टोकाला टोक. आम्ही दोघी सारख्याच दिसतो आता. लहानपणी कुणी म्हटलं असतं तर दोघीही चिडलो असतो.

आज ते निघणार होते. सॅक जिन्याखाली बांधून ठेवल्यात. पण निघाले नाहीत. मालकीणबाई काहीतरी समजावत होत्या त्याला. मी दारामागून ऐकलं. ती अजून पोकळ आहे. भाऊजींनी घाई केली. त्यांची ताई दुपारच्या दुपार भिंतीकडे बघत बसते म्हणे, हाक मारली तरी हलत नाही. तो म्हणत होता, आमचं तसं नको.

म्हणजे अजून काही हवंय. त्याला माहीत नाही ते.

तेच उरलंय माझ्यापाशी. तेवढीच मी.

मंगळवार? बुधवार?

ते लिहायचं नाही. इथेही नाही. ताई म्हणते मनातसुद्धा मोठ्याने म्हणू नकोस—

काल तो दोनदा येऊन गेला. चिडला नाही. मी घडी घालत राहिले. तो नुसता बसून राहिला, मग गेला—

एक गोष्ट आहे. लहानशीच. त्याला कधी सांगितली नाही. सांगावीशी वाटायची, किती वर्षं, कितीदा, पण त्याने विचारायला हवं होतं ना. कधी विचारलंच नाही त्याने. जेवताना, गाडीत, पलंगावर पाठ करून झोपताना, कधी तरी विचारील म्हणून मी—

नाही. नको.

सकाळ

तो आलाय. ऊन दारातून त्याच्या पाठीवर पडलंय. चादरींच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसलाय, मांडी घालून. चष्मा काढून ठेवलाय. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे मी सोडून कुणी बघितलेले नाहीत, मला ते आठवतंय, हे माझं आहे अजून—

माझा हात धरला त्याने. दुसऱ्या हाताने लिहितेय. तो अडवत नाही. थांबलाय.

म्हणाला, तुझ्या मनात एक काही तरी आहे जे तू मला कधी सांगितलं नाहीस. म्हणाला, मी कधी विचारलं नाही, चुकलं माझं. म्हणाला, आज विचारतो. सांग. मला ऐकायचंय.

असं म्हणाला. या आवाजात. इतक्या वर्षांत या आवाजात—

मला माहीत आहे कशासाठी. बाहेर ती उभी आहे, दाराशी, माझ्या कुर्त्यात. मला सगळं माहीत आहे. ताईने माझं मनगट घट्ट धरलंय, नको नको म्हणून मान हलवतेय, रडतेय. मी वेडी नाही. नाही सांगणार—

पण विचारलं त्याने. डोळ्यांत बघून विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे, ते खरं आहे की कसं, मला आता ओळखता येत नाही, पूर्वी यायचं—

किती वाट बघितली होती मी.

एवढंच सांगते त्याला, सुरुवातच फक्त, पुढचं नाही सांगणार. ऐक, तू त्या दिवशी स्टेशनवर आला नव्हतास ना, तेव्हा मी